उसाचं बेट आणि शेतकऱ्याची पत

मॉरिशस हे हिंदी महासागरातलं उसाचं बेट. एकोणिसाव्या शतकात आपल्या कोकणातूनही माणसं तिथं करारावर मजुरीला गेली. पै-पै साठवून पुढं कित्येकांनी जमिनीचे तुकडे घेतले. पण लागवडीपासून तोडणीपर्यंत चूल पेटायची कशी? सावकाराचं दार तेवढं उघडं होतं! म्हणून १९१३ साली हिंदुस्थानच्या धर्तीवर तिथं सहकारी पतपेढ्या निघाल्या. १९३६ साली कृषी बँक आली. १९६४ मध्ये तिची विकास बँक झाली.

यातून घ्यायचं ते एवढंच: जमीन मिळाली म्हणजे शेतकरी सुटला असं नाही. वेळेवर, झेपेल अशा व्याजानं पैसा मिळाला, तरच जमीन हाती टिकते. तुमच्या सोसायटीचं कर्ज पेरणीआधी मिळतं का? गुरुजी, पुढच्या सभेत हे जरूर विचारा.