गाण्याचे उत्पन्न आणि त्याचे वाटेकरी



मोहरलेली आंब्याची बाग व्यापाऱ्याला उक्ती देण्याची रीत तुम्हांला ठाऊक आहे. एकदा पैसे हाती पडले, की आंबा मुंबईला काय भावाने गेला हे मालकाने विचारायचे नसते. पण बाग निदान एका हंगामापुरतीच जाते. पुढच्या साली झाड पुन्हा मालकाचे. आपल्याकडची गाणी मात्र उक्ती गेली ती कायमचीच.

एका गाण्यात वाटेकरी किती असतात, पाहा. शब्द कवीचे, चाल संगीतकाराची, गळा गायकाचा, आणि ध्वनिमुद्रण बहुधा कंपनीचे, कारण भांडवल तिचे. गाणे बाजारात वाजले म्हणजे जो मोबदला येतो त्याला रॉयल्टी म्हणतात. तो या मंडळींत कसा वाटायचा, हा खरा प्रश्न.

आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा. निर्मात्याने मोबदला देऊन चित्रपटासाठी गीत वा चाल करवून घेतली, तर उलट करार नसल्यास पहिला मालक निर्माताच, असा निर्णय १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला. निर्मात्याकडून हक्क कंपनीकडे जात. मग गाणे घरोघर वाजो, कवीला त्याचे काय?

२०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली. राज्यसभेत कवी जावेद अख्तर यांनी तिची बाजू हिरिरीने मांडली. चित्रपटगृहात चित्रपट दाखवतानाचा वापर सोडून इतरत्र गाणे वापरले गेले, तर शब्द आणि चाल यांच्या रॉयल्टीत रचनाकारांचा वाटा हक्क विकत घेणाऱ्याच्या बरोबरीचा राहील, असे ती सांगते. म्हणजे त्यापोटी शंभर रुपये आले तर पन्नास कंपनीचे, पन्नास कवी-संगीतकारांचे. ध्वनिमुद्रणाचा मोबदला वेगळा. तो त्याच्या मालकाचा. चित्रपटाबाहेरच्या गीतांनाही हाच न्याय आहे. आणि मुख्य गोष्ट अशी, की "मी वाटा सोडला" असे करारात लिहून घेतले, तरी ते टिकत नाही. हा वाटा वारसांना देता येतो, किंवा वसुलीसाठी रचनाकारांच्या संस्थेकडे सोपवता येतो. व्यापारी वापरासाठी गायलेल्या गाण्यावर गायकालाही रॉयल्टीचा हक्क आहे.

पण हक्क असणे वेगळे आणि पैसा पदरात पडणे वेगळे. शेत तुम्ही कसता, पण सातबाऱ्यावर नाव नाही, तर काय होते हे मी सांगायला नको. गाण्याचेही तसेच. १९६९ साली स्थापन झालेली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी शब्द आणि चालींची रॉयल्टी गोळा करून सभासदांना वाटते; अगदी गावच्या दूध सोसायटीसारखी. पण तिथे सभासद व्हावे लागते, आणि आपली गाणी नोंदवावी लागतात.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्यापैकी कितीजण गीते रचतात! शाळेच्या संमेलनात विद्यार्थी, शिक्षक व पालक यांच्यापुढे मुलांनी गाणे म्हटले, तर त्याला परवानगी लागत नाही. तिथे निर्धास्त असा. मात्र कुणी तुमचे गीत मुद्रित करायला मागितले, तर सही करण्यापूर्वी मुदत किती ते पाहा. ती लिहिली नसेल तर कायदा पाच वर्षे धरतो. "कायमचे" लिहिले असेल, तर तेथेच थांबून विचारा.

बाग देताना आपण दहादा झाडाकडे पाहतो. गाणे देताना कागदाकडे एकदा तरी नीट पाहावे, एवढेच सांगून आपली रजा घेतो.