म्हातारपणाची पुंजी आणि फौजदारी कायदा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या मंगल प्रसंगी फौजदारी कायद्याची भाषा कशाला, असे काही जणींच्या मनात येईल. परंतु पुढच्या रांगेत बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींकडे पाहिले, म्हणजे हाच विषय आजच्या दिवसाला योग्य आहे असे मला वाटते. निवृत्त शिक्षिकेचा भविष्यनिर्वाह निधी, कापसाच्या चुकाऱ्यातून बाजूला टाकलेले पैसे, यजमानांच्या पश्चात हाती आलेली विम्याची रक्कम, हीच आपल्याकडे म्हातारपणाची काठी. ही काठी पुष्कळदा कोणी हिसकावून नेत नाही. ती आपण होऊन एखाद्याच्या हाती दिलेली असते, आणि तो आपल्याकडे चहा घेणारा, आपल्याला काकू किंवा मावशी म्हणणारा असतो.

उदाहरणासाठी फार दूर जायला नको. नागपूरच्या वासनकर वेल्थ मॅनेजमेंट या संस्थेचे प्रमुख गुंतवणुकीचे सल्लागार म्हणून प्रसिद्ध होते. चांगल्या परताव्याच्या आशेने अनेकांनी तेथे पैसे ठेविले. त्यांत सेवानिवृत्त मंडळीही होती. पैसे परत मिळेनात, तेव्हा फिर्याद झाली आणि २०१४ साली त्या प्रमुखांना अटक झाली. आपल्या यवतमाळची गोष्ट तर आपणां सर्वांना ठाऊक आहे. बाबाजी दाते महिला सहकारी बँकेवर नोव्हेंबर २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. खातेदाराला ५,००० रुपयांहून अधिक काढता येईना. नोव्हेंबर २०२२ मध्ये बँकेचा परवानाच रद्द झाला. ठेव विम्यामुळे ५ लाखांपर्यंतच्या ठेवींना संरक्षण होते, म्हणून सुमारे ७९ टक्के ठेवीदार पूर्ण रकमेला पात्र ठरले. ज्यांची ठेव त्याहून मोठी होती, त्यांच्या वाट्याला काळजी आली. पुढे फौजदारी गुन्हाही दाखल झाला. कोण दोषी आणि कोण निर्दोष, हे ठरविणे न्यायालयाचे काम. आपण त्यात पडू नये. आपण पाहायचे ते एवढेच, की अशा वेळी कायदा आपल्याला काय देतो.

पहिली गोष्ट, पैसे बुडाले म्हणजे गुन्हा झालाच असे नाही. जोखीम नीट समजावून सांगितली होती आणि बाजार पडला, तर तो तोटा. परंतु सांभाळायला दिलेले पैसे स्वतःकरिता वापरले, तर तो गुन्हेगारी विश्वासघात. खोटे सांगून पैसे काढून घेतले, तर ती फसवणूक. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत यांची कलमे अनुक्रमे ३१६ आणि ३१८ आहेत. त्यापूर्वीच्या कृत्यांना जुनी दंडसंहिताच लागते. ज्याचे हित जपणे हे आपले कर्तव्य आहे, त्यालाच जाणूनबुजून फसविणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे. फसवून पैसे देण्यास भाग पाडले, तर ७ वर्षांपर्यंत. बँकवाला किंवा दलाल यांनी विश्वासाने सोपविलेल्या मालमत्तेचा अपहार केला, तर जन्मठेपेपर्यंतही शिक्षा होऊ शकते. विश्वासातल्या माणसाचा अपराध कायद्यानेही अधिक गंभीर मानला आहे, हे यावरून दिसेल.

दुसरी गोष्ट, शिक्षा झाली म्हणून पैसे आपोआप परत येत नाहीत. त्यासाठी आपल्या राज्याने १९९९ साली ठेवीदारांच्या हितसंरक्षणाचा वेगळा कायदा केला. त्याखाली वित्तीय संस्थेची व तिच्या चालकांची मालमत्ता जप्त करून ठेवीदारांचे देणे भागविता येते. मात्र मालमत्ता हातची निघून गेल्यावर जप्ती कशावर येणार? म्हणून फिर्याद लवकर झाली पाहिजे.

आणि येथेच आपले घोडे पेंड खाते. म्हातारी माणसे फिर्याद देत नाहीत. कारण घरातच चोर सोडून संन्याशाला फाशी दिली जाते. “तुम्हाला कोणी सांगितले होते पैसे द्यायला?” हा सुनेचा किंवा मुलाचा एक प्रश्न पुरतो, आणि आजीबाई कायमच्या गप्प बसतात. त्या गप्प राहिल्या, की तोच माणूस शेजारच्या घरी चहाला जातो.

पोलीस ठाण्याची भीतीही असते. परंतु कायद्याने पुष्कळ सोय केली आहे. नोंदलेल्या फिर्यादीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ठाण्यात नोंद नाकारली, तर जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठविता येते. साक्षीसाठी कोणत्याही स्त्रीला, तसेच ६० वर्षांवरील पुरुषाला, राहत्या जागेखेरीज अन्यत्र बोलावता येत नाही; पोलिसांनीच घरी यावयाचे असते. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही मदतवाहिनी आहे. फोनवरून फसवणूक झाली असेल, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

भगिनींनो, आपल्या मंडळाने या वर्षी दोन कामे अंगावर घ्यावीत अशी माझी विनंती आहे. महिन्यातून एक दुपार कागद पाहण्यासाठी ठेवावी. ठेवपावती कोणाच्या नावाची, वारस लावला आहे की नाही, कोऱ्या कागदावर किंवा मुखत्यारपत्रावर कोणी सही घेतली आहे काय, सल्लागाराची सेबीकडे नोंदणी आहे काय, आणि धनादेश त्याच्या स्वतःच्या नावाने मागतो काय, हे चार चष्म्यांतून पाहिले म्हणजे एकीच्या नजरेतून सुटलेले दुसरीला दिसते. खटल्यातही हेच कागद बोलतात.

दुसरे काम असे, की एखादीवर हा प्रसंग आलाच, तर तिला एकटीला पोलीस ठाण्याची पायरी चढू देऊ नये. आपल्यापैकी दोघींनी तिच्याबरोबर जावे. बारशाला आणि मंगळागौरीला आपण बोलावल्याशिवायही जातो. मग या कामाला आमंत्रणाची वाट कशाला पाहायची?