शेताचा कोपरा



ज्यू परंपरेत पावित्र्य कशाला म्हणतात, याविषयी आज पदवी घेणाऱ्या तुमच्याशी बोलावं असं फार दिवस मनात होतं. तोराह या ज्यू धर्मग्रंथाच्या तिसऱ्या पुस्तकातला, म्हणजे लेवीयचा १९वा अध्याय काढून पाहा. देव पवित्र आहे, म्हणून तुम्हीही पवित्र व्हा, अशी आज्ञा तिथे येते आणि ती पुरोहितांपुरती न राहता साऱ्या समाजाला होते. पुढे बळीचे आणि शब्बाथचे, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीचे, नियम आहेतच, पण त्यांच्याच खांद्याला खांदा लावून अगदी रोजच्या व्यवहाराचे नियम उभे आहेत. मजुराची मजुरी रात्रभर अडकवायची नाही. आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवायचा नाही. मापात पाप करायचं नाही. कापणीच्या वेळी शेताचा कोपरा गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडायचा.

या कोपऱ्याशी जरा थांबू या. इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू नियमसंग्रहात यावर ‘पेआ’ नावाचा स्वतंत्र ग्रंथभाग आहे. निदान साठावा हिस्सा तरी सोडावा, असं तो सांगतो. पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते पुढचं. मालकाने त्या पिकाचं वाटप करायचं नाही. गरिबांनी स्वतः येऊन कापून न्यायचं. मांडवावरची द्राक्षं आणि खजूर तेवढे मालकाने उतरवून द्यायचे, कारण चढण्यात धोका असतो. हिस्सा शेताच्या शेवटालाच का ठेवायचा, याचंही एक कारण तालमूद, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांचा ग्रंथ, देतो: नाहीतर मालक आसपास कोणी नाही असं पाहून आपल्याच गरीब नातलगाला हळूच बोलावून घेईल! माणसाचा स्वभाव किती ओळखला आहे बघा. देण्याचा मोठेपणा मिरवायची संधी आणि कोणाला द्यायचं ते ठरवायची सत्ता, दोन्ही मालकाच्या हातून काढून घेतल्या आहेत.

मापांचंही तसंच. दुकानदाराने आपली मापं आठवड्यातून दोनदा धुवावीत, वजनं आठवड्यातून एकदा पुसावीत आणि तराजू प्रत्येक तोलानंतर साफ करावा, असं मिश्ना सांगतो. तेलासारखा चिकट पदार्थ मापाला राहतो. तेवढा गिऱ्हाइकाला कमी पडतो. हे वाचताना मला आपल्या कोकणातले बेने इस्राएल आठवतात. मराठी बोलणारे हे ज्यू पिढ्यान्‌पिढ्या घाण्यावर तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. गावाने त्यांचा धर्म ओळखला तो त्या थांबलेल्या घाण्यावरून.

हे पावित्र्य एखाद्या जागेवर अवलंबून नव्हतं. इ.स. ७० मध्ये रोमनांनी यरुशलेममधलं ज्यूंचं मंदिर पाडलं. त्याच्या गाभाऱ्यात वर्षातून एकाच दिवशी, तेही एकट्या महायाजकाला प्रवेश होता. ती जागा गेली, तरी पावित्र्य गेलं नाही, कारण त्याचं ठाणं वेळेत आणि वागण्यात होतं. ज्यू विचारवंत अब्राहम जोशुआ हेशेल यांनी १९५१ साली ‘द सॅबथ’ या पुस्तकात दाखवून दिलं, की सृष्टीच्या कथेत पवित्र ठरवलेली पहिली गोष्ट एक दिवस आहे. डोंगर नाही, वेदी नाही.

मित्रहो, तुमच्यापैकी कोणी वकील होईल, कोणी व्यवस्थापक, कोणी अधिकारी. नियमात काय बसतं, हे तुम्ही उत्तम शिकला आहात. तेराव्या शतकात स्पेनमधल्या नाखमनिडीस या भाष्यकाराला नेमकी तिथेच चिंता वाटली. एकही नियम न मोडता माणूस हावरट आणि हलकट राहू शकतो, हे त्याने स्पष्ट लिहिलं. पवित्र होण्याची आज्ञा त्याच्या मते यासाठीच आहे: हक्काचं असलं, तरी सगळं ओरबाडू नये.

थोड्याच वर्षांत तुमच्यातल्या अनेकांच्या सहीवर दुसऱ्यांचे पगार आणि बिलं निघतील. मजुरीविषयी बोलताना तालमूद विचारतो, हा माणूस शिडीवर चढला, झाडाला लोंबकळला, जिवावर उदार झाला, तो मजुरीसाठीच ना? म्हणून तिथे मजुरी अडवणं जीव घेण्यासारखं मानलं आहे. परांचीवरच्या गवंड्याचं बिल तुमच्या टेबलावर येईल, तेव्हा ते दुसऱ्या दिवसावर ढकलू नका, एवढं मी तुमच्याकडे मागतो.