भंडाऱ्याचे दुसरे मत

(गोंदिया जिल्ह्यातील कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या राजकीय पक्षांच्या फाटाफुटीवर बोलावे, असे मला सुचविण्यात आले. हा विषय फार सोपा आहे. नेत्यांची नावे घ्यावीत, गटांची मोजदाद करावी, टाळ्या घ्याव्यात आणि घरी जावे. गेली साठ वर्षे हे चालू आहे, आणि त्यामुळे एकही गट कमी झालेला नाही. म्हणून मी आज नेत्यांविषयी थोडे आणि मतदारांविषयी अधिक बोलणार आहे. त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. ज्या प्रसंगात या प्रश्नाचे मूळ सापडते तो याच भूमीत घडला.

१९५४ साली गोंदिया जिल्हा नव्हता. तो १ मे १९९९ रोजी निर्माण झाला. त्यापूर्वी हा सारा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता, आणि १९५४ मध्ये तो जिल्हा तेव्हाच्या मध्य प्रदेशात मोडत होता. लोकसभेचा भंडारा मतदारसंघ द्विसदस्य होता. एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते होती. मात्र दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत.

१९५२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत येथील राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी अर्ज भरला होता. त्यांनी महानुभाव पंथ स्वीकारला असल्यामुळे ते महार राहिले नाहीत, असे म्हणून तो अर्ज फेटाळण्यात आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. फेब्रुवारी १९५४ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, पंथ बदलल्याने ठवरे आपल्या समाजाबाहेर गेलेले नाहीत. अर्ज फेटाळणे चूक होते. सर्वसाधारण जागेवर निवडून आलेले चतुर्भुज जसानी हे सरकारी कँटीनांना विडी पुरविणाऱ्या पेढीचे भागीदार होते, म्हणून तेही अपात्र ठरले. सारी निवडणूक रद्द झाली. धर्म, जात आणि उमेदवारी यांचा संबंध काय, हा प्रश्न नागपूरच्या धम्मदीक्षेच्या अडीच वर्षे आधी आपल्या या विडीच्या मुलखातून दिल्लीच्या न्यायासनापुढे गेला होता, ही गोष्ट आपल्या तरुणांपैकी कितीजणांस ठाऊक आहे?

त्या रद्द झालेल्या निवडणुकीतून मे १९५४ ची पोटनिवडणूक उद्भवली. राखीव जागेवर शेड्युल्ड कास्ट फेडरेशनतर्फे बाबासाहेब उभे राहिले. सर्वसाधारण जागेवर प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता उभे होते, आणि दोन्ही पक्षांचा समझोता होता. आपल्या माणसांनी दुसरे मत मेहतांना द्यावे, त्यांच्या माणसांनी बाबासाहेबांना.

आता येथे थोडे थांबा. फेडरेशनच्या काही कार्यकर्त्यांच्या मनात एक हिशेब होता. आपल्या मतदाराने एकच मत द्यावे, बाबासाहेबांना. दुसरे कोणालाच देऊ नये, म्हणजे ते कुजवावे. बाबासाहेबांनी या गोष्टीला संमती दिली नाही, ही आठवण त्या पिढीच्या कार्यकर्त्यांनी जपून ठेवली आहे. ज्याने संविधान लिहिले त्याने मतदाराला मत वाया घालवावयास सांगणे त्यांना मान्य नव्हते. निकाल लागला. अशोक मेहता निवडून आले. बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून सुमारे ८ हजार मतांनी पराभूत झाले. मेहतांना मत देणाऱ्या पुष्कळांचे दुसरे मत बाबासाहेबांकडे आले नाही, एवढे त्या निकालावरून उघड आहे.

या कथेतून बहुतेक वक्ते एकच अर्थ काढतात: इतरांनी दगा दिला. तो अर्थ खोटा नाही. १९३२ च्या पुणे करारापासून राखीव जागेची चावी इतरांच्या हाती आहे, आणि ती कशी फिरते हे भंडाऱ्याने दाखविले. परंतु मला त्या निवडणुकीत दुसरीही एक गोष्ट दिसते, आणि तिच्याकडे आपले लक्ष क्वचित जाते. आपल्या मतदाराने आपले दुसरे मत समझोत्याप्रमाणे दिले. म्हणजे त्या दिवशी आपल्या पक्षाजवळ दुसऱ्याला देण्यासारखे काहीतरी होते, आणि ते शब्दाप्रमाणे पोहोचविणारा मतदार होता. पुढे आपण गमावले ते हेच.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. फेडरेशनच्या जागी नवा पक्ष काढण्यामागे बाबासाहेबांचा हेतूच हा होता की, एका समूहाच्या बाहेरील पददलितांनाही आत येण्यास दार असावे. दोनच वर्षांत त्या दाराच्या उंबरठ्यावर भांडण लागले. बी. सी. कांबळे यांचा गट स्वतःला ‘दुरुस्त’ म्हणवू लागला आणि दादासाहेब गायकवाडांच्या बाजूला ‘नादुरुस्त’ हे नाव चिकटले. दादासाहेबांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. ही वाट कम्युनिस्टांची आहे, असा विरोधकांचा आक्षेप. माझे मत स्पष्ट आहे. जात न विचारता ज्यात कोणताही भूमिहीन शिरू शकत होता, असा आपल्या पक्षाचा तो एकच मोठा कार्यक्रम होता. त्याला नादुरुस्त म्हणणाऱ्यांनी दार दुरुस्त केले नाही, बंद केले.

दार उघडे राहिले तर काय होते, हे १९६२ मध्ये उत्तर प्रदेशाने दाखविले. अलीगढमध्ये जाटव आणि मुसलमान मतदार एकत्र आले आणि बी. पी. मौर्य लोकसभेवर गेले. त्या वर्षी लोकसभेत रिपब्लिकन पक्षाचे तीन सदस्य निवडून आले, आणि तिघेही उत्तर प्रदेशाचे होते. ज्या महाराष्ट्रात पक्ष जन्मला तेथून एकही नाही!

अर्थात आपल्या मतदाराच्या वाटेत कायद्यानेही खड्डा खणला होता. १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधलेला होता, आणि बौद्धांना तो १९९० च्या दुरुस्तीपर्यंत मिळाला नाही. महानुभाव ठवऱ्यांना न्यायालयाने जे दिले ते बौद्धाला मिळू शकले नाही. १९६२ मध्ये नागपूरच्या एका राखीव जागेवरून विधानसभेवर गेलेल्या डॉ. मेश्राम यांची निवड, ते बौद्ध झाले आहेत या कारणाने, सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. म्हणजे चौतीस वर्षे आपल्या निष्ठावंत मतदारापुढे पेच होता. धम्माशी प्रामाणिक राहणाऱ्याला राखीव जागा नाही, आणि खुल्या जागेवर एकट्याच्या बळाने विजय नाही. अशा मतदाराला मित्रांची गरज इतर कोणाहूनही अधिक होती. नेमक्या त्याच काळात प्रत्येक गट स्वतंत्रपणे मोठ्या पक्षाच्या दारी एखादी जागा मागावयास जाऊ लागला.

१९९८ चा अपवाद आपण अभिमानाने सांगतो. प्रकाश आंबेडकर, रामदास आठवले, रा. सू. गवई आणि आपल्या शेजारच्या चिमूरमधून जोगेंद्र कवाडे, असे चौघे काँग्रेसशी झालेल्या समझोत्याने लोकसभेत गेले. तेही चारही खुल्या मतदारसंघांतून. पुढच्याच वर्षी काँग्रेस फुटली, आणि तिच्या फुटीप्रमाणे आपलीही ऐक्याची भिंत फुटली. दुसऱ्याच्या घराला तडा गेला म्हणून आपली भिंत का पडावी? कारण ती त्यांच्या भिंतीला टेकून बांधली होती. २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीने एमआयएमशी हात मिळविला. त्यातून औरंगाबादची जागा एमआयएमला मिळाली, वंचितला एकही नाही. आणि विधानसभेच्या निवडणुकीपूर्वीच ती मैत्री संपली.

लोक म्हणतात, हा तुमचा हक्काचा मतदार. हा शब्द मला खटकतो. हक्क मतदाराचा असतो. मतदारावर कोणाचा हक्क नसतो. ज्या दिवशी पुढाऱ्याला मतदार हक्काचा वाटू लागतो, त्या दिवशी तो इतरांकडे पाहण्याचे सोडतो.

आता गोंदियाकडे या. जिल्ह्यात विधानसभेच्या चार जागा आहेत. गोंदिया आणि तिरोडा खुल्या, अर्जुनी-मोरगाव अनुसूचित जातींसाठी, आमगाव अनुसूचित जमातींसाठी. २०११ च्या जनगणनेप्रमाणे अनुसूचित जाती सुमारे १३ टक्के आणि जमाती सुमारे १६ टक्के. ज्याला बेरीज येते त्याला पुढचे सांगावयास नको. परंतु माणसे आकड्यांप्रमाणे आपोआप मिळत नाहीत. सालेकसा तालुक्यात कचारगडला माघ पौर्णिमेस दूरदूरच्या राज्यांतून गोंड समाज जमतो. आपल्या धर्माची जनगणनेत स्वतंत्र नोंद व्हावी, अशी या समाजाची मागणी आहे. धर्माच्या एका नोंदीपायी हक्क कसे जातात, हे आपल्याहून अधिक कोणाला कळावे? तरी त्या मागणीला पाठिंबा देणारे ठराव आपल्या किती सभांनी केले? २००६ च्या वनहक्क कायद्याखालील पट्ट्यांसाठी गोंड-हलबा कचेरीच्या पायऱ्या झिजवितात; आपले वकील त्यांच्याबरोबर गेले काय? मामा तलावातल्या मासेमारीच्या हक्कासाठी ढिवर भांडतो, तेंदूपत्त्याच्या भावासाठी मजूर भांडतो, शहरातला मुसलमान आपल्या वस्तीच्या रस्त्यासाठी भांडतो. आपण त्यांच्याकडे जातो ते मतदानाच्या आधी पंधरा दिवस, आणि जाऊन बोलतो ते आपल्याच इतिहासाविषयी.

कोणी विचारील, आपण मत दिले आणि त्यांनी दिले नाही तर? भंडाऱ्यात तसेच झाले ना? होय, झाले. परंतु तो समझोता दोन पक्षांच्या पुढाऱ्यांत होता. त्याच्या मागे गावागावांत एकत्र केलेले काम नव्हते, आणि जे मत एका दिवसापुरते मागितले जाते ते हिशेबात धरता येत नाही. आणखी एक. द्विसदस्य मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने गेले. आता मतदाराच्या हाती दुसरी मतपत्रिका पडत नाही. दुसरे मत द्यावयाचे तर ते दुसऱ्या जागी द्यावे लागते: एका मतदारसंघात त्यांचा उमेदवार, दुसऱ्यात आपला. देवरी-सालेकशात आपण थोडे आहोत आणि जागा जमातींची आहे. तेथे गोंडांच्या प्रश्नावर उभा राहणारा प्रामाणिक माणूस शोधून आपल्या साऱ्या गटांनी आधी त्याला मत द्यावे, आणि तसे गावच्या सभेत उघडपणे सांगावे. अर्जुनी-मोरगावात काही मागण्याची वेळ त्यानंतर येते.