ब्राह्मीघृत : नाव एक, वनस्पती दोन

(गोखिवरे, ता. वसई येथे केलेले भाषण)



परीक्षा तोंडावर आली की पालक ब्राह्मीघृताची बाटली शोधू लागतात. ब्राह्मी कोणती, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. कोकणात ओलसर जागी पसरणाऱ्या, वाटोळ्या दातेरी पानांच्या मंडूकपर्णीलाही लोक ब्राह्मीच म्हणतात. शास्त्रोक्त घृतातील ब्राह्मी निराळी; तिची पाने लहान व मांसल असतात. चरकसंहितेत मंडूकपर्णीची गणना मेध्य रसायनांत होते, तर ब्राह्मीघृत अपस्माराच्या चिकित्सेत सांगितले आहे.

घृत सिद्ध करणे हे निगुतीचे काम. कल्काच्या चौपट तूप, तुपाच्या चौपट द्रव आणि मंद आंच. फेस निवला, कल्काची वात वळू लागली आणि ती विस्तवावर न तडतडता जळली, म्हणजे पाणी आटले असे समजावे.

ब्राह्मीचा अर्क १२ आठवडे घेतलेल्या प्रौढांची स्मरणशक्ती काहीशी सुधारल्याचे काही आधुनिक चाचण्यांत आढळले. पण तो अर्क होता, तूप नव्हे. आणि १२ आठवडे म्हणजे परीक्षेच्या आदल्या दिवशीचा चमचाभर डोस नव्हे!

शिक्षकांना एक विनंती. वर्गात मुलाला फिट आली, किंवा ते वरचेवर क्षणभर शून्यात पाहत राहू लागले, तर पालकांना प्रथम डॉक्टरांकडे पाठवावे. घृताच्या भरवशावर फिटची चालू औषधे परस्पर बंद केल्यास जिवावर बेतू शकते. अपस्मार बरा करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. तशी पत्रके बाजारात दिसल्यास अन्न व औषध प्रशासनास कळवावे.