मोजणारा कोणाचा माणूस?

(८ मार्चच्या महिला मेळाव्यात चोरखमारा इथे केलेलं भाषण. मोहफुलं वेचायला गेल्यामुळे ज्या ताया येऊ शकल्या नाहीत, त्यांनी मागितलं म्हणून लिहून देत आहे.)



मला दिलेला विषय होता 'महिला सक्षमीकरण'. त्यावर मी मागच्या वर्षी बोलले, त्याच्या आधीच्या वर्षीही बोलले, आणि दोन्ही वेळा तुम्ही टाळ्या वाजवून घरी गेलात. म्हणून या वेळी अध्यक्षताईंना विचारून विषय बदलला. आज मी कार्ल मार्क्स या माणसाबद्दल बोलणार आहे. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "हा कोन व बाई?" सांगते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. आपल्या भागात मार्क्सचं नाव घेतलं की काही जण दचकतात. पुस्तक वाचणं वेगळं आणि बंदूक वेगळी. मी कोणत्या पक्षाची नाही. नागपूरला समाजकार्य शिकताना आम्हाला मार्क्स अभ्यासाला होता. खरं सांगायचं तर परीक्षेपुरता पाठ केला, समजला काहीच नाही. समजला तो गावी परत आल्यावर, तेंदूच्या फळीवर.

हा माणूस जर्मनीचा. जन्म ५ मे १८१८. बघा, ५ मे म्हणजे ऐन तेंदूचा हंगाम! १८४२ साली तो २४ वर्षांचा होता, जवळपास माझ्याच वयाचा, आणि कोलोन शहरात एका वर्तमानपत्राचं काम बघत होता. त्याच्या आधी तिथल्या प्रांताच्या सभेत एका कायद्यावर चर्चा झाली होती. कायदा कशाचा, तर जंगलातल्या लाकडाच्या चोरीचा. आणि चोरी कोणती? झाडाखाली आपोआप पडलेल्या वाळक्या काड्या वेचणं! पिढ्यान् पिढ्या गरीब माणसं ते सरपण वेचत आली होती. आता जंगलाचे मालक म्हणू लागले, पडलेली काडीसुद्धा आमची, उचलणारा चोर.

आपल्याला हे नवीन आहे का? नागझिरा अभयारण्य १९७० चं, आणि व्याघ्र प्रकल्प झाला २०१३ मध्ये. वाघ जगला पाहिजे यात वादच नाही. पण आपल्या चोरखमारा गेटमधून जिप्सी आत जातात, आणि मोळी घेऊन बाहेर येणाऱ्या बाईकडे सगळे कसे बघतात, ते तुम्हीच जास्त चांगलं सांगाल.

मार्क्सने त्या कायद्यावर लेख लिहिले. त्यातल्या दोन मुद्द्यांपाशी मी वाचता वाचता थांबले. एक, चोरी किती किमतीची झाली हे ठरवणार कोण, तर जंगलाचा रखवालदार. आणि तो पगारी माणूस कोणाचा? जंगलाच्या मालकाचा. दुसरा, दंड भरायचा कोणाला? त्याच मालकाला. म्हणजे तक्रार त्याची, मोजमाप त्याच्या माणसाचं, आणि पैसाही त्याच्याच खिशात. मार्क्सने पुढे स्वतः लिहून ठेवलंय, की पैशाच्या आणि पोटाच्या प्रश्नांकडे तो पहिल्यांदा वळला तो या लाकडाच्या भांडणामुळे.

ते वाचलं आणि मला माझी आई आठवली.

माझी आई तेंदू तोडायची. पहाटे तीनला उठून चुलीवर भात टाकायचा, चारला जंगल. अस्वलाची भीती, उन्हाच्या आधी परत यायची घाई. दुपारी घरात सगळे मिळून पुडे बांधायचे, मी, भाऊ, आजी. एका पुड्यात ७० पानं. शंभर पुडे म्हणजे ७ हजार पानं, एकेक हाताने तोडलेलं, एकेक हाताने लावलेलं. संध्याकाळी फळीवर. तिथे मुंशी मोजणार. शंभरावर दोन-तीन पुडे 'वरचे' म्हणून घ्यायचा. काही पुडे उघडून म्हणायचा, पान बारीक आहे, बाजूला ठेव. बाजूला ठेवलेले पुडे कार्डावर चढत नसत, पण आमच्या घरीही परत येत नसत. मी दहावीत असताना एकदा त्याला विचारायला गेले. आईने माझा हात दाबला. घरी आल्यावर म्हणाली, "पोरी, पान आमी तोडाचं, बांधाचं आमी, अना मोजाचं त्यानं. मंग बोलाचं कोनाले?"

माझ्या आईने मार्क्स वाचलेला नाही. पण बाईने एका वाक्यात सांगून टाकलं.

आता 'वर्ग' म्हणजे काय ते बघू. वर्ग म्हटलं की आपल्याला पहिली-दुसरी आठवते. मार्क्सचा वर्ग वेगळा. आणि तो नुसता गरीब-श्रीमंतही नाही. तो विचारतो, ज्या गोष्टीतून पैसा तयार होतो ती गोष्ट कोणाच्या ताब्यात आहे, आणि घाम कोणाचा आहे? जंगल, जमीन, गोदाम, गाडी, परवाना एकाकडे, आणि दुसरीकडे फक्त दोन हात. दोन हातवालीला रोज ते हात विकावे लागतात, आणि ज्याच्याकडे बाकी सगळं आहे तो भाव ठरवतो. मुंशी वाईट माणूस होता असं मला आता वाटत नाही. तोही पगारीच. त्याच्या जागी दुसरा असता तर त्यालाही वरचे पुडे आणून दाखवावेच लागले असते. माणूस बदलून हे बदलत नाही, एवढं मला समजलं.

'भांडवल' हा शब्द तर आपल्या कर्जाच्या अर्जातच असतो. शिलाई मशीन घ्यायला, शेळ्या घ्यायला भांडवल. त्यात तुमचं पोट तुम्ही तुमच्याच कष्टाने भरता. मार्क्स ज्याला भांडवल म्हणतो तो पैसा वेगळा. तो बाहेर पडतो, दुसऱ्याचे कष्ट विकत घेतो आणि वाढून परत येतो. वाढ कुठून आली? तिने दिवसभर जेवढं तयार केलं आणि तिला जेवढं दिलं, त्या दोघांच्या मधून.

त्याचं मोठं पुस्तक 'भांडवल', पहिला खंड १८६७ चा. त्यात नगावर मिळणाऱ्या मजुरीवर एक आख्खं प्रकरण आहे. म्हणजे आपलं शेकडा पुड्यावर, हजार बिडीवर. तो म्हणतो, नगावर मजुरी असली की मालकाला पाठीशी उभं राहावं लागत नाही, बाई स्वतःच स्वतःला पळवते. जेवण सोडते, लेकरांना कामाला बसवते. माल खराब म्हणून कापायला जागा राहते. आणि मधल्या दलालांची साखळी तयार होते. गोंदिया-भंडाऱ्यातल्या ज्या आज्यांनी जन्मभर बिड्या वळल्या त्यांना विचारा, सट्टेदार म्हणजे काय आणि छाट म्हणजे काय. घरी बसून बिडी वळणारी बाईसुद्धा कामगार आहे, हे १९६६ च्या बिडी कामगार कायद्यात लिहिलेलं होतं. पण ती स्वतःला कामगार म्हणत नव्हती. "घरीच तं बसते," म्हणायची.

इथे मार्क्सकडे एक गोष्ट कमी पडते असं मला वाटतं. पहाटे तीनचा भात कोणी मोजला? पाणी, सरपण, सासूचं दुखणं? त्यावर पुढे बायांनीच लिहिलं. आणि दुसरं, जातीचं. आपल्याकडे सगळ्या दोन हातवाल्या एका फळीवर असतात, पण एका माठातलं पाणी पितात का? बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ सालीच लिहिलंय की जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती कामगारांचीच वाटणी आहे. ते १९५४ मध्ये आपल्या भंडारा मतदारसंघातून पोटनिवडणूक लढले आणि हरले, हे किती जणींना माहीत आहे? आपला गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता.

आणखी एक. मार्क्सच्या नावाने राज्य चालवणाऱ्यांनीही काही देशांत मोजमाप स्वतःच्याच हातात ठेवलं आणि विचारणाऱ्याचं तोंड बंद केलं. तेव्हा नावाला भुलू नका. दर वेळी विचारा, मोजणारा कोणाचा माणूस?

हा प्रश्न काही ग्रामसभांनी विचारला. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजावर गावाची मालकी मान्य केली आहे, आणि त्यात बांबू आणि तेंदूपान दोन्ही आहेत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हातात आला. २०१३ च्या हंगामात गडचिरोलीच्या आणि आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या काही ग्रामसभांनी तेंदू स्वतः विकायला काढला. निविदा गावाची, मोजणारा गावाचा.

सगळं गोड झालं असं नाही. २०१७ मध्ये गडचिरोलीत तेंदूचा भाव खूप चढला, पुढच्याच वर्षी धाडकन पडला. व्यापारी मोजके असले आणि ते आपसात ठरवून आले, तर ग्रामसभा काय करणार? पान तर हिरवं आहे, वाट बघत नाही. म्हणून एकट्या गावाने पुरत नाही, शेजारची गावंही सोबत लागतात.

पण या कायद्याच्या नियमांत एक गोष्ट आहे ती पदराला गाठ मारून ठेवा. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर पाहिजेत, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया पाहिजेत. त्याशिवाय कोरम नाही. म्हणजे आपण चुलीपाशी बसलो तर सभाच होत नाही! आणि तरीही रजिस्टरवर सह्या दिसतात. त्या कशा येतात ते तुम्हाला माहीत आहे, रजिस्टर घरी येतं आणि आपण अंगठा देतो. तसंच वैयक्तिक पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने असतो. घरी गेल्यावर ट्रंक उघडून कागद बघा. तेंदूचं कार्ड कोणाच्या नावावर आहे तेही बघा, कारण बोनस येतो तो कार्डावर चढलेल्या पुड्यांवर, आणि ज्याच्या नावाचं कार्ड त्याच्याच नावाने.

आता माझ्यावरही येते. हे भाषण तयार करताना मला लाज वाटली. आपल्या गटात तुम्ही शेकडा दोनने कर्ज घेता. पाच हजारावर महिन्याला शंभर रुपये. ते व्याज गटातच राहतं, वर्षअखेर तुमच्यातच वाटलं जातं. बाहेरच्या कंपनीकडून घेतलं तर तेच व्याज गावाच्या बाहेर जातं, परत दिसत नाही. हे मी प्रत्येक बैठकीत अभिमानाने सांगते. पण हिशेब कोण लिहितं? मी किंवा लेखनिक ताई. रजिस्टर कुठे असतं? आमच्या पिशवीत. किती गटांत पूर्ण हिशेब मोठ्याने वाचून दाखवला जातो? मागच्या महिन्यात मी सात बैठका घेतल्या. त्यातल्या दोनच ठिकाणी वाचला. बाकी पाच ठिकाणी घाई होती म्हणून सह्या घेऊन निघाले. म्हणजे मी कोण झाले? फळीवरचा मुंशीच की.

तर एवढं ठरलंय. एप्रिलपासून माझ्याकडच्या प्रत्येक गटात आधी हिशेब वाचायचा, मग सह्या. मी विसरले तर सही देऊ नका.

आणि हंगामासाठी आपल्या प्रभागसंघाने छोट्या वह्या आणल्या आहेत. तारीख, किती पुडे नेले, किती कार्डावर चढले, किती बाजूला काढले, असे चार रकाने. लिहिता येत नसेल तर पुड्यांच्या शेकड्याला एक रेघ मारा, घरची पोरगी रात्री आकडा लिहील. एकीने वही काढली तर मुंशी हसेल. फळीवरच्या सगळ्याजणींनी काढली तर काय होतं ते बघायचं आहे. खुटकटाई झालीच आहे, दिवस थोडे आहेत. ज्या गटांना वह्या हव्यात त्यांनी सीआरपी ताईकडे नाव आणि फळीचं ठिकाण सांगा. माझ्या आईची वही मी आधीच बाजूला काढून ठेवली आहे.