खुराड्यातील जागा आणि हवा
(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या बैठकीत गणित, वाचन आणि पटनोंदणी यांविषयी पुष्कळ बोलणे झाले. मला आपणांपुढे एक वरवर पाहता शाळेबाहेरचा विषय मांडावयाचा आहे. तो म्हणजे परसातील कोंबड्यांचे खुराडे. आपल्या वर्गातील कितीतरी मुलांच्या घरी पाचदहा कोंबड्या असतात. अंड्यांचा पैसा बहुधा आईच्या हाती येतो आणि त्यातूनच वही, पेन्सिल, प्रसंगी चपला येतात. तेव्हा त्या कोंबड्या जगाव्यात की मराव्यात, हा आपल्याशी संबंध नसलेला प्रश्न नव्हे.

प्रथम माझी चूक सांगतो. नोकरीच्या आरंभी मी राहत्या घराच्या परसात बारा कोंबड्या पाळल्या होत्या. एके रात्री मांजराने एक तलंग पळविली. मी रागाने खुराड्याच्या सगळ्या फटी मातीने लिंपून टाकल्या आणि दारास फळी ठोकली. वर पत्रा होताच. दिवस वैशाखाचे होते. त्या रात्री मांजर आले नाही. पण सकाळी दार उघडले तेव्हा अकरांपैकी सात कोंबड्या मरून पडल्या होत्या. शेजारच्या आजी म्हणाल्या, "गुर्जी, मांजरानं एकच नेली, तुमी त सात मारल्या." ते वाक्य मी आजवर विसरलो नाही.

असे का घडले? कोंबडीस घाम येत नाही. तिच्या अंगी घामाच्या ग्रंथीच नसतात. तिच्या शरीराचे उष्णतामान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. आपल्या नागपूर भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, म्हणजे बाहेरची हवाच तिच्या अंगाहून अधिक तापलेली असते. अशा वेळी चोच उघडून धापा टाकणे आणि श्वासावाटे पाण्याची वाफ बाहेर घालविणे, हाच तिचा मुख्य उपाय उरतो. परंतु कोंदट खुराड्यात सर्वांच्या श्वासाची वाफ साठते, हवा दमट होते आणि तो उपायही लंगडा पडतो. शिवाय साचलेल्या विष्ठेतून अमोनिया वायू निघतो. त्याने डोळे चुरचुरतात, श्वासनलिका दुखावते आणि रोगास वाट मिळते.

हे केवळ उन्हाळ्याचेच नव्हे. पौषातील थंडीत आपण गोणपाटे कोंबून सर्व झरोके बुजवितो, तेव्हाही हाच दोष घडतो. अंगावर पिसे असलेल्या मोठ्या कोंबडीस कोरडी थंडी बरीच सोसते. ओल आणि कोंदटपणा सोसत नाही. थंडीत वारा थेट अंगावर येऊ नये, पण डोक्यावरून हवा खेळती राहावी, एवढे ध्यानात ठेवावे.

आता जागेचा हिशेब. दिवसभर बाहेर चरणाऱ्या कोंबडीस रात्रीपुरती निदान १ चौरस फूट जागा हवी. दिवसाही कोंडून ठेवावयाची असल्यास २ चौरस फूट. म्हणजे ५ फूट लांब व ४ फूट रुंद खुराड्यात चरणाऱ्या वीस कोंबड्या राहतील, पण कोंडलेल्या दहाच. बसण्याच्या दांडीवर प्रत्येकीस सुमारे ९ इंच लागतात. दहा कोंबड्यांस साडेसात फूट दांडी झाली. चौथीच्या मुलांस क्षेत्रफळ शिकविताना याहून जिवंत उदाहरण कोठे मिळावयाचे?

रचना साधी असावी. खुराड्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे सकाळ-सायंकाळचे तिरपे ऊन आत फारसे शिरत नाही. जमीन ओलीपासून फूट-दीड फूट उंच घ्यावी. दोन्ही लांब बाजूंचा वरचा अर्धा भाग अर्ध्या इंचाच्या जाळीचा करावा. हीच गोष्ट मला त्या वर्षी उमगली नव्हती: मांजर व मुंगूस अडविण्यास भिंत लागत नाही, जाळी पुरते. पत्र्यावर पराट्या किंवा तणस यांचा जाड थर घालावा. कापूस आणि धान पिकविणाऱ्या आपल्या भागात त्यांस तोटा नाही. दुपारी वाऱ्याच्या बाजूस ओले गोणपाट टांगावे, परंतु समोरची बाजू मोकळी सोडावी. नाहीतर गारवा न होता दमटपणाच वाढेल. मातीच्या भांड्यात सावलीत पाणी ठेवावे व ते दिवसातून दोनतीनदा बदलावे.

खुराडे चांगले झाले म्हणून लस टाळू नये. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, हवेशीर खुराड्यातही येतो. लसीसाठी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. नागपुरात १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. हे ज्ञान आपल्या दाराशी आहे.

आपण करावयाचे ते एवढेच. मुलांस घरचे खुराडे फूटपट्टीने मोजून आणावयास सांगावे. पहाटे दार उघडताच कोंबडीच्या उंचीवर वाकून वास घ्यावयास सांगावे; नाक झोंबले तर हवा अपुरी. मग हात धुवावेत. मात्र कोणाच्या घरचे माप वर्गात मोठ्याने वाचून दाखवू नये. गरिबाच्या घरी माणसांसही जागा अपुरी असते. मुलाने घरी जाऊन आईस म्हणावे, "आई, वरची एक फळी काढून जाळी लावू या," इतके झाले तरी आपला पाठ पुरा झाला.